मदत हवी आहे: फिल्म स्कॅन करताना येणारी रेघ
बाबांनी काढलेल्या ३५ मिमी निगेटिव्हसाठी झाकणात दिवा असलेला जुना फ्लॅटबेड स्कॅनर घेतला. कागद, फोटो छान स्कॅन होतात. पण फिल्म लावली की वरपासून खालपर्यंत केसाएवढी निळसर रेघ उमटते, प्रत्येक स्कॅनमध्ये त्याच जागी. एका फोटोत ती नेमकी आईच्या गालावरून जाते. बघवत नाही.

होल्डरच्या (फिल्म धरणाऱ्या चौकटीच्या) टोकाची कॅलिब्रेशनची खाच, म्हणजे स्कॅनर आधी दिव्याचा उजेड मोजून घेतो ती जागा, आणि त्याखालची काच ब्लोअरने साफ केली. रेघ फिकी झाली, गेली नाही. टॉर्च तिरका धरला की काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर दिसतो. काच काढून आतून कोणी पुसली आहे का? कशाने पुसली? काच परत बसवताना काय सांभाळायचं?

आणखी एक. २४०० डीपीआयला (इंचाला २४०० ठिपके) फ्रेम साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेलची मिळते. ४८०० केलं की फाइल चौपट, तपशील मात्र तेवढाच. होल्डरखाली कागदाच्या घड्या घालून उंची बदलली तर फोकस सुधारेल का? फिल्मच्या पट्ट्या मधोमध फुगलेल्याही आहेत.

बरेच रोल ब्लॅक अँड व्हाइट आहेत. त्यातल्या चांदीमुळे इन्फ्रारेडने (अदृश्य प्रकाशाने डाग ओळखून स्कॅनमधून ते आपोआप पुसण्याची सोय) धूळ काढता येत नाही, म्हणून रेघ मुळातूनच घालवायची आहे.