मदत हवी आहे: खाचेचं टेलगेट बसवल्यावर रिव्हर्स कॅमेरा कुठे लावायचा?

गाडी २०१९ ची फोर्ड एफ-२५० पिकअप, पावणेसात फुटी बेड (मागचा सामानाचा हौदा), मागे फिफ्थ व्हील ट्रेलर (बेडमधल्या हिचला, म्हणजे जोडणीला, अडकणारा). ट्रेलर सोडून गाडी पुढे घेताना टेलगेट (बेडचं मागचं दार) पाडायचं राहिलं, की पिनबॉक्स (ट्रेलरचा हिचमध्ये बसणारा पुढचा भाग) थेट त्याच्यावर आदळतो. म्हणून मधोमध व्ही आकाराची खाच असलेलं टेलगेट घेतलंय.

मूळ टेलगेट निघतं व्यवस्थित: आधी वायरिंगचा कनेक्टर सोडायचा (हे चुकलं तर वायर ओढली जाऊन तुटते), टेलगेट अर्धवट उघडून दोन्ही केबलींची स्प्रिंग स्क्रू-ड्रायव्हरने उचलायची, मग उजवी बाजू वर काढून डावीकडून सरकवायचं. दोन माणसं हवीतच.

अडचण कॅमेऱ्याची. तो मूळ टेलगेटच्या हँडलपाशी आहे आणि नव्याला त्याची जागाच नाही. कनेक्टर सोडला की स्क्रीन काळी. टेलगेटशिवाय चालवून पाहिलं, पण बेडमधलं सामान उघडं पडतं. तो पर्याय नको. बेडच्या कडेपासून ट्रेलरपर्यंत सहा इंच मोकळे आहेत, त्यामुळे हिचची उंची बदलायला सुचवू नका. मूळ वायर कापायची नाही, ट्रेलर नसताना जुनं टेलगेट परत बसवायचंय.

मूळ कॅमेराच एक्स्टेंशन हार्नेसने (वाढीव जोडवायरने) बंपरवर आणला, तर त्या कमी उंचीवर स्क्रीनवरच्या अंतर दाखवणाऱ्या रेषा कितपत भरवशाच्या राहतात? कुणी केलंय का, आणि ब्रॅकेट कुठे ठोकलं?