'डॉब' म्हणजे नक्की काय? सारवणं, लिंपणं का गिलावा?

खानापूरवाला
नमस्कार मंडळी, एक अडलंय. भाच्याच्या इंग्लिश मीडियमच्या पुस्तकात जुन्या घरांचा धडा हाय, त्यात 'वॅटल अँड डॉब' असा शब्द आलाय आणि तो सारखा विचारालाय मामा डॉब म्हणजे काय. डिक्शनरी उघडली तर लिंपणे, फासणे, माखणे, थापणे, गिलावा करणे आणि वर परत 'भिकार चित्र', एवढं सगळं त्या एकाच शब्दाला चिकटवलंय. आमची आज्जी जांबोटीकडच्या घरात जमीन सारवायची आणि भिंत लिंपायची, दोन्हीत गल्लत केली की ओरडायची, मग हे सगळं एक कसं काय? मला तर वाटलं डॉब म्हणजे आपलं दाबणेच असणार, चिखल दाबून बसवायचा म्हणून. बरोबर काय ओ?

टिळकवाडीच्या_मॅडम
दाबणे नव्हे हो, ऐकायला जुळतंय तेवढंच. शब्द मूळचा लॅटिन. 'आल्बुस' म्हणजे पांढरा, त्यावरून 'देआल्बारे' म्हणजे पांढरं करणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'डोबे' झालं आणि 14व्या शतकात तो इंग्रजीत आला. म्हणजे पहिला अर्थ चक्क चुना देणे, सफेदी करणे! अल्बम आणि अल्बिनो याच घराण्यातले, रोमन लोक जाहीर नोटिसा पांढऱ्या केलेल्या फळीवर लिहायचे तो अल्बम. नंतर चुन्याचा गिलावा झाला, गिलाव्याचा चिखल झाला, मग काहीही चिकट कसंबसं फासलं तरी डॉब. चित्रकाराला 'डॉबर' म्हटलं तर तो रंग नुसते थापतो असा टोमणा असतो. पांढऱ्यापासून निघून बरबटण्यापर्यंत आला बिचारा.
'डॅब' मात्र वेगळा, हलक्या हाताने टिपणे, त्याचं याच्याशी नातं नाही.
आणि जाता जाता, 'स्मिअर'चं मूळ चरबीत आहे, नॉर्वेत आजही लोण्याला त्याच घरातला शब्द आहे. आपलं माखणे बघा, संस्कृत म्रक्षण, हिंदीतलं मक्खन त्यातूनच आलं. इकडे लोणी तिकडे लोणी. मला हे कळलं त्या दिवशी वर्गात दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

थापी_रंधा
मी गवंडीकाम करतोय 22 वर्षं झाली, इंग्रजीचं मला विचारू नका खरं कामाचं सांगतो. गिलावा म्हणजे थापीनं माल भिंतीवर मारायचा, फळी फिरवायची, रंधा मारायचा, आत 12 एमएम बाहेर 20, ओळंबा लावून. तुमच्या पुस्तकातलं ते गिलावा नव्हे. ते आपलं कुडाचं घर. कारवीच्या नायतर बांबूच्या काठ्या उभ्या आडव्या विणायच्या आणि दोन्ही बाजूनं माती हातानं थापायची, मातीत शेण आणि भाताचं पिंजर म्हणजे पेंढा बारीक करून घालायचं, पाणी घालून पायानं तुडवायची, मुरत ठेवायची आणि मग लावायची. पिंजर नसलं तर वाळताना चिरा पडतात. खानापूर तालुक्यात, चंदगडकडं, खाली कोकणात, पाऊसवाल्या गावात अशी घरं भरपूर होती. वॅटल म्हणजे कूड, डॉब म्हणजे त्यावरची माती, एवढंच लिहा भाच्याला.

अनगोळची_सून
@थापी_रंधा एकदम बरोबर 👌 आज्जी लोकांचं हिशेबच वेगळं होतं, जमीन सारवायची, भिंत लिंपायची, चुलीला पोतेरं, शेणी थापायच्या, तोंडाला हळद लावायची, इंग्लिशवाले सगळ्याला डॉब म्हणून मोकळे. आमच्या शेजारच्या अक्का कन्नडात सारवायला 'सारसूदु' म्हणतात, कुणी कुणाचा शब्द घेतला यावर भांडायला नको, सीमाप्रश्न एकच पुरे 😄 गिलावा तर दोघांचाही नव्हे, फारसीतनं आलाय, गिल म्हणजे चिखल.

कॅम्पातला
इंग्लिश बायबलच्या 1611च्या भाषांतरात हा शब्द दोनदा छान आलाय. एकदा निर्गममध्ये, मोशेची आई लव्हाळ्याच्या टोपलीला डांबर लावून बाळाला नदीकाठी ठेवते तिथं. दुसरं यहेज्केलच्या 13व्या अध्यायात, कोण एक कच्ची भिंत बांधतोय आणि खोटे संदेष्टे वरनं नीट न कालवलेला चुना फासतात, मग पाऊस आला की सगळं खाली. मी ते वाचलं तेव्हा डोक्यात पहिला शब्द आला 'सारवासारव'. मॅडम, हे तुमच्या चुन्याच्या अर्थाशी जुळतंय की, आणि आपल्याकडं 'चुना लावला' म्हणजे फसवलं. पांढरा रंग सगळीकडं बदनाम.

शहापूर_बोळ
आणि पाटीला काळं फासणं त्याला पण डॉबच म्हणायचं काय? मूळ अर्थ पांढरं करणे आणि इथं काळं 😂

मॉडरेटर
हो, इंग्रजी पेपरवाले तिथंही डॉबच लिहितात. पाट्यांचा विषय इथंच थांबवा, दुसरा धागा आहे त्याला.

खानापूरवाला
सगळ्यांचे आभार, भाच्यानं वहीत 'कूड आणि मातीचा लेप' असं लिहिलंय. तो आता मीटरच्या बोर्डावरचं कुंभारीण माशीचं मातीचं घरटं दाखवून विचारालाय हिला काय म्हणतात, गूगलवर बघितलं तर तिला 'मड डॉबर'च म्हणतात, आत कोळी भरून ठेवते पिल्लांना खायला. पोरगं खूश.
@थापी_रंधा एक विचारायचं राहिलं, आज्जीच्या घराची मागची एक भिंत तेवढी कुडाची उरलीय, तिच्यावर मागच्या वर्षी सिमेंटचं प्लास्टर मारून घेतलं तर आता पोपडे सुटालेत.

थापी_रंधा
सुटणारच की ओ. माती ओल ओढती आणि सोडती, सिमेंट सोडू देत नाही, पाणी आतच मुरतंय. पावसाच्या आधी सगळं खरवडून काढा आणि माती शेणाचंच लिंपा, वरनं चुना द्या. पिंजर आताच जपून ठेवा.