नवे सापळे आणि मेण

वर विचारलंय की मिंकसाठी (मुंगसासारखा, फरसाठी पकडला जाणारा छोटा प्राणी) घेतलेले नवे लोखंडी सापळे थेट मेणात बुडवले तर चालतील का. नाही चालत. त्यांवर कारखान्यातलं तेल असतं. आधी साबणाच्या उकळत्या पाण्यात ते काढा, मग बाहेर टांगून हलका तांबूस गंज धरू द्या. त्याशिवाय मेणाआधी द्यायचा लॉगवुडचा (एका झाडाच्या लाकडापासूनचा) रंग नीट बसत नाही. इकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये काळ्या अक्रोडाच्या फळाची बाहेरची साल उकळूनही रंग देतात, तोही छान येतो. पाय धरणाऱ्या सापळ्यांना नंतर मेण द्या, पण कोनिबेअर ११० ला (हा पाय नाही, अख्खं अंग आवळणारा सापळा) कृपा करून देऊ नका! खटका गुळगुळीत झाला की तो मांडतानाच सुटतो, बोटं चेचतात. मिंक काठाकाठानं फिरतो, सापळा बहुधा पाण्यातच लागतो, त्यामुळे सापळ्याला लागलेल्या माणसाच्या वासापेक्षा नंतर पाण्यात चढणाऱ्या गंजाची काळजी जास्त घ्या. आणि साखळीची फिरकी मोकळी फिरते ना, तेवढं पाहा.