मन खचलेलं असताना देवाची हाक आली, तेव्हा तुम्ही काय केलं? (अनुभव लिहा)

जय ख्रिस्त मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला कापूसवाला. पास्टर नसले की आमच्या गावची उपासना मीच चालवतो. परवा एक पोरगा मले म्हणे, काका मनच लागत नसंल तर सेवा करू नये ना, ढोंग होते ते. मले पटलं नाही पण उत्तरही देता आलं नाही. म्हणून आपापले अनुभव लिहा, लहान असले तरी चालते. आधी माझा सांगतो.

2017 चं साल, गुलाबी बोंडअळीचं. बोंड फोडलं की सरकी पोखरलेली, रुई पिवळी अन् आत अळी. वेचणीची मजुरी निघत नव्हती, सोसायटीचं कर्ज तसंच, मी चर्चले जाणंच सोडलं. एका शनिवारी रात्री मोटर लावायले वावरात गेलो (लाईन तवा रात्रीचीच होती), बांधावर बसलो तर मनात एकच येत रायलं, उद्या दार उघड. बस एवढंच. मी म्हटलं देवा, लोकांले सांगायले माझ्याजवळ काहीच नाही. तरी सकाळी गेलो. कुलपाले गंज, गोडेतेल सोडून सोडून चावी फिरली. सात माणसं आली. लूकचा पाचवा अध्याय वाचला, रात्रभर जाळं टाकून रिकामा आलेला शिमोन पेत्र, थकलेला, तरी प्रभू म्हणते म्हणून पुन्हा टाकतो. वाचता वाचता गळा दाटला, कारण मासे त्याले नंतर भेटले, हो तो आधी म्हटला. कर्ज त्या वर्षी फिटलं नाही. पण दार त्यानंतर एकही रविवार बंद रायलं नाही.

मेळघाटातून, संडे स्कूलवाली ताई:
काका, माझ्याकडे पहिल्या पावसाळ्यात दोनच लेकरं यायची, दोघंही कोरकू बोलणारी, माझं मराठी त्यांना अर्धंच कळायचं. रडून प्रार्थना केली की प्रभू मला इथून मोकळं कर. उत्तर काही आलं नाही, मग आधी जे सांगितलं होतं तेच करत राहिले. त्यातल्या मुलीला विचारून विचारून कोरकू शब्द वहीत लिहायला लागले, मी चुकीचा उच्चार केला की ती माझ्या ओठांवर बोट ठेवून परत म्हणायला लावायची. आजही कधी नऊ येतात कधी चार. पण मोकळं कर म्हणणं सुटलं.

तिवसा तालुका:
मी ख्रिस्ती नाही, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा आहो, लिहिलं तर चालंल ना? बायको गेल्यावर तीन महिने सामुदायिक प्रार्थनेले गेलो नाही. खंजिरी माझीच, म्हणून मंडळातल्या एका म्हाताऱ्यानं ती घरी आणून खाटेवर ठेवली अन् काही न बोलता गेला. मले ते महाराजांचंच बोलावणं वाटलं. गेलो, हात थरथरत होता, ठेका चुकला, कोणी वळून पाह्यलं नाही. राष्ट्रसंत 1968 मध्ये गेले, तरी मोझरीले त्यांच्या आश्रमात पुण्यतिथीच्या दिवशी 4 वाजून 58 मिनिटांनी सारे जण मौन उभे राहतात, त्या वर्षी त्या गर्दीत मी पहिल्यांदा मोकळा रडलो.

वरुड, नर्स:
सगळ्यांचं वाचलं, डोळे भरले. एक सांगू का, आज्ञा पाळणं म्हणजे अंगात ताकद नसताना स्वतःला ओढत नेणं असं मी समजत होते, रात्रपाळी करून सकाळी सेवेला, आणि एक दिवस चक्कर येऊन पडले. मग बायबलमधला 1 राजे, अध्याय 19 वाचला. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागतो, तर देव त्याला रागावत नाही, झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, तेही दोनदा. पुढे होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवस चालवून नेतो आणि तिथं नवीन काम सांगतो. माझ्यासाठी तेव्हाची आज्ञा होती की जेव, झोप आणि डॉक्टरला दाखव. गोळ्या सहा महिने चालल्या. ज्यांना झोपच येत नाही, जगावंसं वाटत नाही, त्यांनी प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही जा, उशीर करू नका.

धागा काढणारा:
ताई, हे लिहिलं ते लय बरं केलं, त्या पोराचाही चेहरा मले उतरलेला दिसते. आधी त्याले घरी जेवाले बोलावतो. हे सारं वाचून दाखवतो, अन् हो म्हटला तर रविवारची चावी त्याच्याच हाती देतो.