सल्ला हवा: घरचा संगणक फार मंदावला आहे आणि त्यात व्हायरसही शिरला आहे, फॉरमॅट करण्याआधी काय करता येईल?

प्रश्नकर्ता, गुहागर

नमस्कार. आमच्याकडे जुना डेस्कटॉप आहे: विंडोज १०, चार जीबी रॅम आणि एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. पर्यटकांच्या खोल्यांचे आरक्षण, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब आणि मुलीचा अभ्यास एवढेच त्याच्यावर चालते. आता तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. कोपऱ्यात ‘संगणकात व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ अशा सूचना सतत येतात आणि ब्राउझरमध्ये काही शोधायला गेल्यास भलतीच साइट उघडते. सातबारा छापण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात नेलेल्या पेन ड्राइव्हमधील सगळ्या फायलींचे शॉर्टकट झाले आहेत, ते वेगळेच. दुरुस्ती करणाऱ्यांनी पाहताक्षणी फॉरमॅट सुचवले. संगणकात मुदत संपलेला एक आणि मोफत मिळालेला एक असे दोन अँटिव्हायरस आहेत.

उत्तर, रत्नागिरी

आपल्या तक्रारींत दोन वेगळी दुखणी मिसळली आहेत. नको असलेले प्रोग्रॅम काढल्याने सूचना थांबतील आणि शोधही मार्गावर येईल, परंतु जुनी डिस्क त्यामुळे वेगवान होणार नाही, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

प्रथम छायाचित्रे आणि हिशेबाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या, मात्र कोणतीही सेटअप फाइल तिच्यावर घेऊ नका, आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवा. सूचनेतील क्रमांकावर कोणीही फोन करू नये. पलीकडचा माणूस दुरून संगणक चालवण्याचे ॲप बसवायला लावतो आणि पुढे बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतो. या सूचना बहुतेक वेळा व्हायरसच्या नसतातच. कधीतरी एखाद्या साइटला ‘अलाऊ’ म्हटले गेलेले असते आणि ती साइट त्या परवानगीच्या जोरावर जाहिराती पाठवत राहते. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमधील नोटिफिकेशन्समध्ये जाऊन अनोळखी साइट काढून टाका. भलतीकडे नेणारा शोध हे बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनचे, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचे, काम असते, म्हणून ओळखीचे नसलेले प्रत्येक एक्स्टेन्शन काढा, आणि बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावून तक्रार सुरू झाल्याच्या सुमारास काय आले ते पाहा.

दोन्ही अँटिव्हायरस काढून टाकावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोघेही प्रत्येक फाइल तपासू लागले की चार जीबीच्या यंत्रात दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. ते गेले की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो. तो अद्ययावत करून आधी पूर्ण तपासणी करा आणि मग ऑफलाइन तपासणी करा. हिच्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज चालू होण्याआधीच साधारण पंधरा मिनिटे तपासणी चालते, त्यामुळे लपून बसलेल्या व्हायरसला स्वतःचा बचाव करता येत नाही. दुसरे मत म्हणून मालवेअरबाइट्सचे ॲडडब्ल्यूक्लीनर मोफत मिळते. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही अशी मोफत साधने आहेत. रजिस्ट्री (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जची नोंदवही) साफ करून वेग वाढवतो म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांच्या वाटेला मात्र जाऊ नये.

उत्तर, देवगड

पेन ड्राइव्हमधील फायली गेलेल्या नाहीत, त्या केवळ लपवलेल्या असतात. एकाही शॉर्टकटवर क्लिक न करता फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या आणि संरक्षित फायली दाखवण्याचा पर्याय चालू करा, आपल्या फायली उचलून घ्या आणि मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. यापुढे दुकानात एकच पीडीएफ असलेला वेगळा पेन ड्राइव्ह न्यावा. तिथल्या संगणकाला दिवसभर शेकडो पेन ड्राइव्ह लागतात.

उत्तर, सावंतवाडी

साफसफाईनंतर टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा रकाना पाहावा. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे तो शंभर टक्के दिसला तर चिंता नाही, पण काही काम नसतानाही तासभर तसाच राहिला तर दोष डिस्कचा आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम तिची प्रकृती सांगतो. त्यात ‘कॉशन’ दिसल्यास फायली त्याच दिवशी हलवाव्यात. एरवीही फिरत्या डिस्कच्या जागी साटा एसएसडी (त्याच जोडणीवर बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणे आणि रॅम आठ जीबी करणे, एवढ्यानेच जुने यंत्र पुन्हा वापरण्याजोगे होते. फक्त जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवू नये, कारण घाणही सोबत येते; विंडोज नव्याने बसवून केवळ आपल्या फायली परत आणाव्यात.

आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत रॅमच्या पट्टीवर थर चढतो, तेव्हा वायर काढून ती पट्टी खोडरबरने हलकेच पुसून पाहावी. पावसाळ्यात वीज अचानक गेली की अर्धवट लिहिलेल्या फायली बिघडतात, म्हणून यूपीएस हवाच.

प्रश्नकर्ता, गुहागर

आभारी आहे. नोटिफिकेशन्स काढताच सूचना थांबल्या. बँकेचे पासवर्ड बदलावेत का? आणि नवीन विंडोज घेता येईल का?

उत्तर, रत्नागिरी

पासवर्ड अवश्य बदलावेत, परंतु फोनवरून, कारण अद्याप पूर्ण साफ न झालेल्या संगणकावर नवा पासवर्डही चोरला जाऊ शकतो. ईमेलचा आधी बदलावा, कारण बाकीचे बहुतेक पासवर्ड त्यावरूनच पुन्हा मिळवता येतात. पैसे गेल्याचे आढळल्यास वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

विंडोज १० ची नियमित अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची चिप) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतील प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा प्रोग्रॅम आपले यंत्र त्यात बसते का ते सांगतो. बसत नसेल तर आरक्षण, हिशेब आणि अभ्यासासाठी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली पुरेशी आहे, आणि आधी ती पेन ड्राइव्हवरून चालवून प्रिंटर चालतो का, एवढे पाहून घ्या.