वणव्याचा हंगाम, चार शेजारी आणि वेगवेगळी अंदाजपत्रके: संयुक्त नियोजन कसे बसवावे?

ग्रामसभा सचिव, गडचिरोली

नमस्कार. आमच्या ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. ह्या जंगलाच्या एका बाजूस वनविभागाचे प्रादेशिक क्षेत्र, दुसऱ्या बाजूस वनविकास महामंडळाचे क्षेत्र आणि तिसऱ्या बाजूस शेजारच्या गावाचे सामूहिक वनहक्क क्षेत्र लागते. वणवा कोणाच्याही हद्दीत सुरू झाला तरी वारा नेईल तिकडे जातो; जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून वा जाळून मोकळा केलेला पट्टा) मात्र प्रत्येक जण आपापल्या नकाशाप्रमाणे काढतो. अंगारी (हंगामात आगीवर लक्ष ठेवणारे आणि ती विझवणारे मजूर) प्रत्येकाचे वेगळे आणि खर्चाचे शीर्षही वेगळे. परिणामी काही सीमांवर हाकेच्या अंतरावर दोन समांतर जाळरेषा निघतात, तर काही नाल्यांच्या काठाने एकही निघत नाही.

कायद्याच्या कलम ५ नुसार वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, आणि आम्ही तो कर्तव्य म्हणूनच मानतो. येत्या हंगामासाठी चौघांचा मिळून एक आराखडा आणि एक अंदाजपत्रक करावे, असा ठराव आमच्या ग्रामसभेत झाला आहे. बैठक बोलावण्याचा पुढाकार कोणी घ्यावा, पैसे एका खात्यात एकत्र करता येतात का, आणि ज्या कामाचा लाभ दोघांना होतो त्याचा खर्च कोणाच्या नावे दाखवावा, ह्याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त वनक्षेत्रपाल

सचिव महोदय, ठराव योग्य आहे, पण पैसे एका खात्यात आणण्याच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वनविभागाचा निधी शासकीय लेखाशीर्षातून येतो, महामंडळ ही कंपनी असल्याने तिचा खर्च तिच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून होतो आणि आपला पैसा ग्रामसभेच्या कोषात असतो. तिन्हींचे लेखापरीक्षण वेगळे आहे. एकत्र खात्याची परवानगी मागत बसाल, तर हंगाम निघून जाईल. एकत्र करायचा आहे तो नकाशा आणि कामांची यादी. प्रत्येक काम कोणाच्या पैशातून होणार, हे त्या यादीत लिहावे आणि त्यावर चौघांच्या सह्या घ्याव्यात.

नकाशा करताना कक्ष क्रमांक, जुन्या जाळरेषा, पायवाटा, नाले, मोहाच्या झाडांचे पट्टे, तेंदूच्या फळ्या (पाने गोळा करण्याची केंद्रे) आणि मागच्या काही वर्षांत आग लागलेल्या जागा, हे सारे एकाच कागदावर यायला हवे. आगीच्या जागा भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या उपग्रह-इशाऱ्यांवरून कळतात. जुन्या मोडिस संवेदकाचा एक ठिपका सुमारे १ किलोमीटरचा असे, आताच्या व्हीआयआयआरएस संवेदकाचा ३७५ मीटरचा आहे. त्यामुळे आग नाल्याच्या अलीकडे होती की पलीकडे, ह्याचा अंदाज पूर्वीपेक्षा बरा येतो. तरी जागेवर जाऊन खात्री करावीच लागते, कारण इशारा विभाग, परिक्षेत्र आणि नियतक्षेत्र ह्या वनप्रशासनाच्या चौकटीत येतो आणि आपल्या सामूहिक वनहक्काची सीमा ती चौकट पाळत नाही. आपल्या सीमेची जीपीएस नोंद असलेली फाइल वनरक्षकाला द्या आणि संस्थेच्या वन अग्नी संकेतस्थळावर गावातील दोन-तीन तरुणांचे मोबाइल क्रमांक नोंदवा. ती नोंदणी सर्वांना खुली आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. म्हणजे हंगामाचा पहिला दीड महिना जुन्या वर्षाच्या अनुदानावर चालतो, आणि उरलेले अडीच महिने, ज्यांत मोहफुलाचा उत्तरार्ध, तेंदूपत्ता आणि सर्वांत कडक ऊन येते, नव्या वर्षाच्या अनुदानावर. नवे अनुदान वितरित होऊन परिक्षेत्रापर्यंत झिरपायला एप्रिल उलटू शकतो, आणि अंगाऱ्यांची सर्वाधिक गरज नेमकी त्याच महिन्यात असते. ग्रामसभेच्या कोषातला पैसा ३१ मार्चला व्यपगत होत नाही. म्हणून वाटणी अशी सुचवतो: गवत कापणे, ते वाळवणे आणि फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी नियंत्रित रीतीने जाळून जाळरेषा पुरी करणे, ही जानेवारी-फेब्रुवारीची कामे सामायिक सीमांवरसुद्धा मुख्यतः वनविभागाने आणि महामंडळाने उचलावीत, त्या बदल्यात एप्रिल महिन्याचे अंगारी चारही क्षेत्रांसाठी दोन्ही ग्रामसभांनी ठेवावेत. कागदावर हे देणे-घेणे समसमान दिसणार नाही, पण प्रत्येकाचा पैसा ज्या काळात हाती असतो त्या काळातच तो मागितला जातो, हा ह्या रचनेचा मोठा आधार आहे.

बैठकीसाठी उपवनसंरक्षकांना ग्रामसभेने ठरावासह पत्र द्यावे आणि त्याची प्रत महामंडळाच्या विभागीय व्यवस्थापकांना द्यावी. बैठक ऑक्टोबरच्या पुढे जाऊ देऊ नये.

आयडाहोवासी

मी मूळचा नागपूरचा. अमेरिकेत वणवा-नियोजनाच्या क्षेत्रात काम करतो. पैसा वेगळा ठेवून नियोजन एकत्र करण्याचा वनक्षेत्रपाल साहेबांचा सल्ला इथल्या अनुभवाशी जुळतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

इथे संघराज्याच्या पाच संस्था जंगल, कुरणे, राष्ट्रीय उद्याने, वन्यजीव क्षेत्रे आणि आदिवासींच्या जमिनी सांभाळतात. एक कृषी खात्याखाली आणि चार अंतर्गत खात्याखाली. आयडाहो राज्यातील बोईसी येथे १९६५ मध्ये वनसेवा, भूव्यवस्थापन विभाग आणि हवामान विभाग ह्यांनी एकत्र येऊन अग्निकेंद्र सुरू केले. माणसे, विमाने आणि साहित्य एकमेकांना देण्याची पद्धत त्यानंतर चांगली रुळली. अंदाजपत्रके मात्र कित्येक दशके वेगळीच राहिली, कारण कोणत्या तयारीला किती पैसा लागेल, हे काढण्याची प्रत्येक संस्थेची गणिती पद्धत वेगळी होती. २००१ मध्ये सर्वांसाठी एकच विश्लेषण-प्रणाली असावी, असे ठरले आणि पुढच्या वर्षी तिचे काम सुरू झाले. हेतू उत्तम होता: सीमा बाजूला ठेवून संपूर्ण भूप्रदेशाचा विचार करायचा आणि एक डॉलर जंगलातला वाळका पाला-झुडपे असे जळाऊ साहित्य कमी करण्यावर खर्चावा की आग विझवण्याच्या तयारीवर, हे तुलनेने ठरवायचे. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००८ मध्येच इशारा दिला की प्रणालीत झालेल्या बदलांमुळे ही मूळ उद्दिष्टे पुरी होतील अशी खात्री उरलेली नाही. काही वर्षांनी ती प्रणाली बंद करण्यात आली.

माझ्या मते मूळ अडचण गणिताच्या पलीकडची होती. राष्ट्रीय उद्यान काही आगींना निसर्गक्रम मानून मर्यादेत जळू देते, तर लाकूड-उत्पादनाच्या जंगलाला तीच आग नुकसान वाटते. काय वाचवायचे ह्यावर एकमत नसताना केवळ आकडेमोडीतून एक अंदाजपत्रक निघणे कठीण होते. आपल्याकडेही महामंडळाला सागाची रोपवने वाचवायची असतात, ग्रामसभेला मोह, तेंदू आणि बांबू. बैठकीत पहिला तास ह्या प्राधान्यक्रमावर द्यावा, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

जे टिकले ते स्थानिक पातळीवरचे करार. त्यांना जोडून दरवर्षी एक कार्यान्वयन आराखडा करतात. कोणत्या जमिनीचे रक्षण कोण करील, जवळचे पथक कोणाचेही असले तरी ते आधी कसे निघेल, किती तासांपर्यंतची मदत विनामूल्य धरायची आणि त्यानंतर खर्चाची वाटणी कशी करायची, हे त्यात लिहिलेले असते. पुष्कळ करारांत पहिल्या २४ तासांपर्यंतची मदत परस्पर-साहाय्य मानली जाते. ह्या एका कलमामुळे आग लागल्यावर पैशाची चर्चा होत नाही. आपल्या आराखड्यात असे कलम जरूर घालावे.

आणखी एक इशारा. विझवण्याचा खर्च आणि प्रतिबंधाचा खर्च एकाच पिशवीत ठेवू नका. इथल्या वनसेवेच्या एकूण खर्चात आगीचा वाटा १९९५ मध्ये १६ टक्के होता, तो वाढून २०१५ मध्ये ५० टक्क्यांच्या वर गेला, आणि वर्षानुवर्षे जंगल विरळ करण्याचे व नियंत्रित जाळणीचे पैसे विझवण्याकडे वळवले गेले. २०१८ च्या कायद्याने विझवण्यासाठी स्वतंत्र राखीव निधी केला. तो २०२० च्या आर्थिक वर्षापासून २.२५ अब्ज डॉलर इतका लागू झाला. गावाच्या आराखड्यात रकमा लहान असतील, तरी जाळरेषेचा पैसा डिझेल-पेट्रोलवर संपण्याचा धोका तोच आहे.

लेखापाल, जिल्हा स्तर

दोन्ही उत्तरांना पूरक अशी केवळ निधीची बाजू मांडतो. वनविभागाकडे वणव्यासाठी राज्य योजनेचा निधी असतो, केंद्रपुरस्कृत वनवणवा प्रतिबंध व व्यवस्थापन योजनेचा निधी असतो (आपल्या राज्यासाठी त्यात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के), शिवाय कॅम्पाचा (भरपाई वनीकरण निधीचा) वार्षिक आराखडा असतो. जिल्हा वार्षिक योजनेतही वनांसाठी तरतूद होते. तिचा प्रारूप आराखडा नवे वर्ष उजाडण्याच्या बराच आधी ठरतो. त्यामुळे ऑक्टोबरची मुदत मी आणखी आग्रहाने मांडीन.

ग्रामसभेकडे तेंदू आणि बांबूचे स्वतःचे उत्पन्न असते. गाव पेसा क्षेत्रात (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींच्या कायद्याखाली) असल्यास ५ टक्के अबंध निधीही असतो, आणि त्याच्या बाबींमध्ये वनहक्क व पेसाची अंमलबजावणी तसेच वनीकरण, वन्यजीव संवर्धन आणि वन उपजीविका ह्यांचा समावेश आहे. जाळरेषेचे काम त्यात बसवताना ग्रामसभेचा ठराव आणि वनहक्क व्यवस्थापन समितीच्या आराखड्यातील त्या कामाचा उल्लेख, हे दोन्ही कागद जोडावेत.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: सामायिक जाळरेषा लांबीने तोडावी, रुंदीने नव्हे. चार किलोमीटरची सीमा असेल, तर ठरलेल्या नाल्यापासून ठरलेल्या टेकडीपर्यंतचा भाग पूर्णपणे एकाच्या नावे आणि पुढचा भाग पूर्णपणे दुसऱ्याच्या नावे लावावा. अर्धी रुंदी त्यांची आणि अर्धी आमची असे केले, तर मोजमाप पुस्तिकेत एकाच लांबीची दोनदा नोंद होते आणि दुबार खर्चाचा आक्षेप येतो. प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांचे जीपीएस अक्षांश-रेखांश, कामापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र आणि मजुरीचा एकच समान दर, एवढे असले की तपासणीला अडचण राहत नाही. दराचा मुद्दा दुय्यम मानू नये. सीमेच्या अलीकडे एक मजुरी आणि पलीकडे दुसरी असेल, तर कमी मजुरीच्या बाजूला माणसे मिळणार नाहीत.

शेजारच्या तालुक्यातील ग्रामसभा सदस्य

सचिवदादा, आमच्या गावात महिला गटांकडे मोहफुलाचा विषय आहे, म्हणून लिहिते. पुष्कळ आगी मोहाखालचा पाला साफ करण्यासाठी लावलेल्या जाळातून पसरतात, आणि काही तेंदूला नवी पालवी लवकर फुटावी म्हणून लावल्या जातात. तुमच्या अंदाजपत्रकात जाळरेषा आणि अंगारी आहेत, परंतु पाला झाडण्याची मजुरी किंवा झाडाखाली अंथरायच्या जाळ्या नसतील, तर आग लागण्याचे कारण तसेच राहते. बाईला पहाटे अंधारात फुले वेचायची असतात. तिला पर्याय न देता नुसती मनाई केली, तर ती पाळली जाणे कठीण आहे.

तेंदूसाठी आम्ही लिलावाच्या अटींमध्येच लिहून घेतो की खुटकटाई (नवी पाने फुटावीत म्हणून तेंदूची झुडपे छाटणे) वेळेवर होईल, फळीच्या परिसरात जाळ होणार नाही आणि आग लागल्यास ठेकेदाराची माणसे विझवायला येतील. लिलाव हंगामाच्या आधी होतो, त्यामुळे ही अट तुमच्या संयुक्त बैठकीच्या कागदात आधी आणि निविदेत नंतर यावी. शेजारच्या गावानेही तीच अट घातली पाहिजे, नाहीतर ठेकेदार अटी नसलेल्या गावाकडे वळेल.

ग्रामसभा सचिव, गडचिरोली

सर्वांचे मनापासून आभार. लांबीने वाटणी आणि एप्रिलचे अंगारी, हे दोन्ही मुद्दे शेजारच्या ग्रामसभेपुढे मांडले असून त्यांनी तत्त्वतः मान्यता दिली आहे. एक शंका उरते: आमचे अंगारी महामंडळाच्या किंवा राखीव वनाच्या क्षेत्रात आग विझवताना जखमी झाले, तर उपचाराचा खर्च कोणाचा?

निवृत्त वनक्षेत्रपाल

हे सह्यांच्या कागदात स्पष्ट लिहून घ्या. आग लागल्यानंतर ठरवायचा हा विषय नव्हे. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ७९ प्रमाणे राखीव किंवा संरक्षित वनात हक्क बजावणाऱ्या व्यक्तीवर आग विझवण्यास साहाय्य करण्याचे बंधन आहे. कायदा मदत मागतो, तेव्हा मदत करणाऱ्याच्या सुरक्षेची तरतूदही यंत्रणेने करावी, ही मागणी रास्त आहे. माझी सूचना अशी की चारही बाजूंच्या अंगाऱ्यांची एकच नावनिशीवार यादी १ फेब्रुवारीपूर्वी करावी, तिच्यातील प्रत्येकाचा अपघात विमा उतरवावा, आणि त्याचा हप्ता ज्या त्या यंत्रणेने आपल्या माणसांपुरता भरावा. उपचाराचा तातडीचा खर्च ज्याच्या क्षेत्रात आग असेल त्याने आधी करावा. बूट, पाण्याच्या बाटल्या आणि ब्लोअर यंत्राचे इंधन ह्यांची ओळ त्याच यादीखाली टाका, म्हणजे ती अंदाजपत्रकातून सुटणार नाही.