त्र्यंबकेश्वरचा हिरा परत मागायचा का नाही?

शाहूपुरीकर: कोहिनूर कोहिनूर करून आपण गळा काढतोय, पण त्र्यंबकेश्वरच्या हिऱ्याचं नाव किती जणांना माहितीय? नासाक डायमंड, सुमारे 90 कॅरेटचा, महादेवाचा. 1818 ला दुसरा बाजीराव शरण गेला, हिरा कंपनीच्या हातात पडला आणि त्याच साली लंडनला रंडेल अँड ब्रिज ह्या सराफांना विकला पण. कोहिनूरवर पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण सगळेच हक्क सांगतात, ह्याच्यावर आपल्याशिवाय कोण सांगणार? कोहिनूर राहूदे बाजूला, आधी हा मागा.

गुजरीतला पोरगा: भावा मागणार कुणाकडं? कोहिनूर निदान टॉवर ऑफ लंडनमध्ये काचेत दिसतो तरी. हा 1837 ला वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसनं, म्हणजे इंग्रज उमरावानं, घेऊन तलवारीच्या मुठीत बसवला, मग पॅरिसचा सराफ, मग अमेरिकेत हॅरी विन्स्टन, 1970 च्या लिलावात 5 लाख डॉलर, 1977 ला मुवाद नावाच्या हिरेवाल्यानं घेतला. सगळ्यांनी पैसे मोजलेत. आणि धंद्यातलं सांगतो, विन्स्टननं 1940 ला नव्यानं घासून तो 43.38 कॅरेटचा केला, एमराल्ड कट, म्हणजे लांबट चौकोनी, कोपरे छाटलेले, पायरी पायरीचे पैलू. आपल्याकडचे जुने कारागीर वजन राखून पैलू पाडायचे, ह्यानं चमकीसाठी वजन सोडलं. अर्ध्याहून जास्त दगड गेला, आता त्यात त्र्यंबकेश्वरचं उरलंय काय?

शाहूपुरीकर: चोरीचा साज आटवून पाटल्या केल्या म्हणून सोनं चोराचं होतंय व्हय?

गुजरीतला पोरगा: नाही होत, पण पाचव्या गिऱ्हाईकाच्या हातातनं पाटल्या काढून दाखव की मर्दा!

जुना राजवाडा: एक विचारतो, राग नको. तो कंपनीला मिळाला पेशव्यांकडून, गाभाऱ्यातून नव्हे. उद्या आलाच परत तर द्यायचा कुणाला, देवस्थानाला का सरकारला? हे ठरलं नाही तर नाशिक आणि पुण्यातच जुंपायची.

कट वाढवा: काका, आला तर भांडू की, आधी येऊदे तर! मला राग वेगळाच आहे. 2016 ला सुप्रीम कोर्टात आपल्याच सॉलिसिटर जनरलनी सांगितलं की कोहिनूर चोरलेला नाही, दिलेला आहे, आणि बोंब उठल्यावर सरकारनं सारवासारव केली. 1849 ला पंजाबच्या दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाकडनं तहात लिहून घेतलेला दगड, ह्याला दिलेला म्हणायचं? आपल्या कोल्हापुरात तेच झालं. 1875 ला प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हा चौथे शिवाजी महाराज जेमतेम बारा वर्षांचे, करवीरची तलवार गेली तिकडं आणि वर नाव काय, तर नजराणा. नाशिकच्या हिऱ्यासाठी कोल्हापूरकरांनी घसा कोरडा करण्यापेक्षा ती तलवार मागा, ती राजघराण्याच्या संग्रहात आहे, दार ठोठावायला पत्ता तरी आहे.

शाहूपुरीकर: तलवार मागाच, मी कुठं नको म्हणालोय? पण हिऱ्याला पत्ता नाही म्हणून हक्क सोडायचा होय?

गुजरीतला पोरगा: हक्क बिक्क राहूदे, रोकडा काढा. रघुजी भोसल्यांची तलवार 2025 ला लंडनच्या लिलावातनं राज्य सरकारनं विकतच घेतली ना, 47 लाखांत?

जुना राजवाडा: आपलीच वस्तू विकत घ्यायची हे मला तरी पटत नाही. वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर आणली, तसा हाही निदान बघायला आणावा.

गुजरीतला पोरगा: वाघनखं म्युझियमची होती काका. खासगी मालक कशाला पाठवतोय, आणि पाठवलाच तर विमा कोण भरणार?